राणीच्या नाकावरचा ठोसा

एका मेलेल्या राणीला मी सवत समजले आणि वरवंट्याने तिचं नाक फोडलं. हसा खुशाल. तेव्हा मी नवी नवरी होते आणि अक्कल माहेरीच विसरून आले होते.

साल एकोणीसशे तीसच्या आसपासचं. आमचे हे बोटीवर खलाशी. शिमग्याला रत्नागिरीला आले ते बंडीच्या खिशात चांदीचं एक परदेशी नाणं घेऊन. खिसा कुठला, तर थेट छातीवरचा! पडवीत शेजारपाजारचे पुरुष जमले की नाणं बाहेर निघायचं.

"बाई देखणी हो!" कोणीतरी म्हणायचं.

"नाक बघा, नाक!" इति आमचे हे.

चहाचे कप धरून मी दाराआड. माझं नाक नकटं. वर्षाने घरी आलेल्या माणसाने त्याच्याकडे एकदा धड पाहिलं असेल तर शपथ!

एका सकाळी हे विहिरीवर आंघोळीला गेले, तशी मी बंडी चाचपली. नाण्यावर खरंच बाई होती, अंबाडा घातलेली. आणि तिच्या गालावर कोणीतरी ठोकून चौकोनी खूण उठवलेली. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! म्हणजे माझ्याआधी कुठल्याशा खलाशाच्या बायकोनेही हिला बडवली होती तर. शहाणी बाई! मी खिळा नि वरवंटा घेतला, नाणं जांभ्याच्या पायरीवर ठेवलं. दुसरा गाल दिसत नव्हता, म्हणून नाकावरच घाव हाणला.

आवाजाने सासूबाई चुलीपुढून उठून आल्या, हे ओल्या पंच्यानिशी धावले.

"अगो, हे काय केलंस?"

"विचारा तुमच्या त्या बाईला!"

ह्यांना आधी कळेना, मग हसू आवरेना. "ती त्या नाण्याच्या मुलखातली जुनी राणी गो! कधीच मेली. तिकडे बंड झालं, राजघराणं गेलं. नव्या सरकारला नाणी पाडायला सवड कुठली? जुन्यांवरच आपला शिक्का ठोकलान आणि चालवलीन. ती गंमत दाखवत होतो सगळ्यांना."

मी पदर तोंडाला लावून रडायलाच लागले. मेलेली का असेना, खिशात तीच बसणार होती ना!

सासूबाईंनी नाणं उचललं, दोन्ही खुणांवरून अंगठा फिरवला आणि मला म्हणाल्या, "रडतेस काय गो? राज्य बदललं की जुन्या नाण्यावर नवा शिक्का बसतो, असं तोच सांगतोय. ह्या घरात आता कोणाचं राज्य, ते कळलं मला. किल्ल्या उद्या माग. आधी तो भात उतरव, करपतोय."