हवा नसलेल्या जागी पंखा

चेंबरमधली हवा कमी होत चालली होती आणि आमचा डबा तापत चालला होता. मी खिडकीच्या जाड काचेतून आत पाहत होतो. डब्याचे तिन्ही पंखे गरगर फिरत होते. रायपूरला आमच्या शेडमध्ये फिरायचे त्याहून जोरात. शेजारी नायर मॅडम उभ्या होत्या. ज्या विमानात हा डबा बसायचा होता, ते विमान उडवणाऱ्या स्क्वाड्रन लीडर. मी कौतुकानं म्हणालो, "देखिए मॅडम, क्या स्पीड है!"

मॅडम पंख्यांकडे पाहतच नव्हत्या. त्यांची नजर तापमानाच्या आकड्यावर होती, आणि तो आकडा चढत होता.

"सेन्सर में गडबड है," मी म्हणालो. इंजिनियर माणसाला काही समजेनासं झालं की तो आधी सेन्सरला शिव्या देतो. मी बोलतोय तोवर टेबलावरची स्क्रीन थरथरली आणि काळी झाली.

आता हा डबा कशाचा, ते सांगतो. विमान होतं मालवाहू, लष्करी आणि म्हातारं. त्याच्या नाकात एक रडार असतं. पुढं ढग कुठं आहेत, कोणत्या ढगात वादळ दडलंय, ते पायलटला स्क्रीनवर दाखवतं. विमान धडधाकट होतं, पण रडारचं चित्र बनवणारं इलेक्ट्रॉनिक्स जुनाट. ते बनवणारा कारखानाच बंद पडलेला. एका विमानाचा भाग काढून दुसऱ्याला लावायचा, असा संसार चालला होता. खास लष्करासाठी नवीन बनवून घ्यायचं तर वर्षं जातात. मग उपाय एकच, सीओटीएस. म्हणजे कमर्शियल ऑफ द शेल्फ. साध्या भाषेत, दुकानाच्या फळीवरून उचललेलं तयार सामान. कारखान्यात वापरतात तसलं कॉम्प्युटर कार्ड घ्यायचं, मजबूत डब्यात बसवायचं आणि जुन्या रडारला जोडायचं.

आता यात मी कुठून आलो? मी देवतळे, मूळचा वर्ध्याचा. आयुष्य स्टील प्लांटच्या इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये गेलं. रायपूर नव्या राज्याची राजधानी झाली तेव्हा जो तो काही ना काही उघडून राहिला होता, म्हणून मीही उघडलं. तेलीबांध्याला पाटी लावलेलं ऑफिस आणि उरला नावाच्या इंडस्ट्रियल एरियात पत्र्याची शेड. पार्टनर साहूजी, इथलेच. उन्हाळ्यात ते डेझर्ट कूलर बनवायचे, बाकी वर्षभर आम्ही दोघं मिळून स्पंज आयर्नच्या भट्ट्यांसाठी कंट्रोल पॅनेल बनवायचो. आमची पॅनेलं धूळ खात, धग सोसत वर्षानुवर्षं चालत. त्याचा मला माज होता. हो, माजच म्हणतो.

दक्षिणेतल्या एका मोठ्या कंपनीकडं या विमानांचं काम होतं. त्यांना डबा बनवून देणारा छोटा माणूस हवा होता. त्यांचे मॅनेजर राव साहेब शेड बघायला आले, ते नेमके मे महिन्यात. शर्ट अंगाला चिकटलेला, हातात ताकाचा ग्लास.

"डिफेन्सचा अनुभव?" त्यांनी विचारलं.

"नाही साहेब. पण उरल्यात भट्टीपाशी मे महिन्यात जे चालतं, ते कुठंही चालेल."

"कुठंही?"

"कुठंही. हवं तर लिहून देतो."

त्यांनी लिहून मागितलं नाही, हे माझं नशीब.

मग डिझाइन सुरू झालं. रायपूरच्या माणसाला इलेक्ट्रॉनिक्स म्हटलं की पहिली चिंता उन्हाळ्याची, आणि उन्हाळ्याला इथं एकच उत्तर. पंखा! मी कागदावर एक पंखा काढला. साहूजींनी चष्मा वर केला.

"भैया, एक में क्या होगा?"

"दोन लावू."

"तीन लगाते हैं. बाजू में जाली. हवा इधर से घुसेगी, उधर से निकलेगी."

"हव!" मी लगेच होकार दिला. डबा तयार झाला तेव्हा त्याला फक्त वाळ्याचं खस लावायचं बाकी होतं, इतका तो कूलरसारखा दिसत होता. पण भट्टीपाशी आठवडाभर चालवला, मजेत चालला.

उन्हाची परीक्षा झाली, राहिली थंडीची. वर आकाशात गारठा असतो, एवढं मला ठाऊक होतं. रायपुरात तसली थंडी आणायची कुठून? साहूजींच्या साडूची बीरगांवला आइसक्रीमची फॅक्टरी होती. तिथल्या डीप फ्रीजरमध्ये कुल्फीच्या ट्रेंमध्ये आमचा डबा ठेवला. बाहेर भाजून काढणारी लू चाललेली आणि आत मी शेजाऱ्याचं स्वेटर अन् कानटोपी घालून उभा. फॅक्टरीतल्या बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या. डबा मात्र पहिल्या बटणाला सुरू झाला. मी बूढ़ापाऱ्यातल्या घरी आलो तो विमानातूनच उतरल्यासारखा.

"झालं! गरमीत चालला, थंडीत चालला. आता काय राहिलं?" मी बायकोला म्हणालो.

"आइसक्रीमच्या कारखान्यात दिवसभर होते, अन् हात हलवत आले," ती म्हणाली. "हेच राहिलं."

अशा थाटात मी आणि साहूजी डबा घेऊन राव साहेबांच्या लॅबमध्ये पोचलो. तिथं अल्टिट्यूड चेंबर असतो. ही एक लोखंडी कोठी. पंपानं आतली हवा काढत जायची, म्हणजे उंचावर हवा जशी विरळ असते तशी आत होते. नायर मॅडम आल्या, तेव्हा हे सगळं मीच त्यांना समजावून सांगितलं. त्या रोज त्याच उंचीवर विमान नेतात, हे माझ्या लक्षात नव्हतं असं नाही. पण समजावण्याची हौस कुठं जाते? त्यांनी निमूट ऐकून घेतलं. मग चेंबर सुरू झाला आणि स्क्रीन काळी झाली.

मी सेन्सर बदलायला लावला. पुन्हा चेंबर चालवला, पुन्हा स्क्रीन काळी. मी वायर बदलली, पुन्हा तेच. राव साहेब घड्याळ बघायला लागले. "वर तर थंडी असते," मी तणतणलो, "डबा तापतोच कसा?"

"बाहेर थंडी आहे," राव साहेब म्हणाले. "तुमचा डबा नाकाच्या बंद कप्प्यात बसतो, रडारच्या ट्रान्समीटरला चिकटून. तो कप्पा गरमच असतो. आम्ही आत्ता तेवढीच गरमी ठेवली आहे. तुमच्या भट्टीपेक्षा कमीच."

"भट्टीपेक्षा कमी? मग काहून बंद पडून राहिला?"

मी पुन्हा काचेतून पाहिलं. पंखे फिरतच होते, एकदम मोकळे, कोणी अडवायला नसल्यासारखे. मग नायर मॅडम माझ्याजवळ आल्या आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "भैया, पंखा फेंक क्या रहा है? हवा तो आपने निकाल ली."

मी त्यांच्याकडं पाहिलं. साहूजींकडं पाहिलं. साहूजी जमिनीकडं पाहत होते.

पंखा गारवा तयार करत नाही. तो हवा ढकलतो, आणि ती हवा उष्णता उचलून नेते. हवाच विरळ, तर उचलायला कोण? वर पंख्याच्या पात्यांना अडवायला दाट हवा नाही, म्हणून तो जास्त जोरात फिरतो. म्हणजे जो स्पीड मी कौतुकानं दाखवत होतो, तीच त्याच्या निकम्मेपणाची खूण होती. शाळेतल्या पोट्ट्याला कळावं असं हे विज्ञान. आणि हवा विरळ होते हे काही तासांपूर्वी मीच हातवारे करून शिकवत होतो! जमीन दुभंगावी आणि मला पोटात घ्यावं, असं झालं.

राव साहेब भडकतील असं वाटलं होतं, पण ते थंडपणे बोलले, आणि ते जास्त लागलं. "आणखी एक संधी देतो. त्यातही फेल झालं तर हे विमान उभं करायचं ठरलंय. सुटे भाग काढायला."

मॅडम मला जिन्यापर्यंत सोडायला आल्या. तिथं थांबून म्हणाल्या, "देवतळेजी, बादल में घुसने के बाद खिड़की के बाहर सिर्फ सफेद होता है. पीछे लोग बैठे होते हैं, पहाड़ की चौकियों पर जाने वाले. मुझे वही स्क्रीन दिखती है, और कुछ नहीं." त्यांचा आवाज चढला नव्हता. तोवर माझ्या लेखी तो एक डबा होता. त्याच्यामागं माणसं बसलेली असतात, हे मला त्या दिवशी जिन्यात कळलं.

घरी आलो. जेवण जाईना.

"काहून तोंड पाडून बसले?" बायकोनं विचारलं.

"मले वाटलं होतं, मी लय हुशार."

"मग? आता काय नवीन समजलं?"

हिच्याकडून सांत्वनाची अपेक्षा मी लग्नाच्या वर्षीच सोडली होती.

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये मी साहूजींना सांगितलं, पंखे काढायचे. जाळ्या बुजवायच्या. डबा पूर्ण बंद करायचा. आयुष्यभर कूलर विकलेला माणूस तो. "बिना पंखे का?" असं त्यांनी विचारलं ते एखाद्यानं बिनछपराच्या घराबद्दल विचारावं तसं. मग मी त्यांना तवा आठवायला सांगितला. तव्याची दांडी चुलीवर नसते, तरी हाताला चटका देते. धातूतून उष्णता चालत जाते, तिला हवा लागत नाही. कार्डावरच्या चिप्सना ॲल्युमिनियमची जाड प्लेट घट्ट टेकवायची, प्लेट डब्याच्या भिंतीला आणि भिंत विमानाच्या सांगाड्याला बोल्टनं आवळायची. एवढं मोठं विमान आपली उष्णता पिऊन टाकेल.

बोलायला सोपं आहे. दुकानातलं कार्ड पंख्याच्या भरवशावर बनलेलं असतं. त्यावर एक चिप उंच, दुसरी बुटकी. प्लेट सगळ्यांना सारखी टेकेना. मी उतावळेपणानं बोल्ट जास्त आवळला आणि कार्ड कट्‌कन तडकलं. साहूजी "अरे राम!" म्हणाले, मी जे म्हणालो ते छापण्यासारखं नाही. नवीन कार्ड मागवलं, तर दुकानदारानं प्रेमानं नवं मॉडेल पाठवलं. "इससे बढ़िया है भैया, वही दाम में!" बढिया होतं, पण त्याची भोकं दुसरीकडं सरकलेली. आमची प्लेट बसेना. फळीवरच्या सामानाचं हे दुसरं दुखणं. आपण घर बांधेपर्यंत फळीवरचा माल बदलतो. मग गावोगावच्या दुकानदारांना फोन करून त्याच जुन्या मॉडेलची मिळतील तितकी कार्डं गोळा केली. आमच्या विमानापुरता साठा तेव्हाच करून ठेवला. एवढं एक शहाणपण मला न ठेचकाळता सुचलं, म्हणून मुद्दाम सांगतो.

साहूजींनी प्लेट पुन्हा घासली. चिपच्या उंचीप्रमाणं खळगे केले, कागद सरकवून सरकवून सगळीकडं टेकते का पाहिलं. या वेळी मी बोल्टला हात लावला नाही.

दुसऱ्यांदा चेंबर सुरू झाला तेव्हा मी कोणाला काही समजावलं नाही. खुर्चीत हात मांडीखाली दाबून बसलो. हवा कमी होत गेली. आकडा चढला, चढला, आणि थांबला. आत फिरणारं काहीच नव्हतं, त्यामुळं बघायलाही काही नव्हतं. स्क्रीनवर चित्र तसंच. राव साहेब म्हणाले, "चालू ठेवा." दिवसभर चालू ठेवलं. संध्याकाळी त्यांनी फक्त मान हलवली. माझा जीव भांड्यात पडला, पण अर्धाच. उडणं बाकी होतं.

विमानाच्या चाचणीच्या फेरीत एक थांबा रायपूरला होता. माना विमानतळावर आम्हा दोघांना परवानगी मिळाली. त्या दिवशी आभाळ भरून आलं होतं, पूर्वेकडं काळंकुट्ट. एरवी मी खूश झालो असतो, की चाचणीला छान हवामान मिळालं. त्या दिवशी मात्र मी नुसता त्या ढगांकडं बघत राहिलो. नायर मॅडम त्या काळ्यात कुठंतरी होत्या आणि त्यांच्यासमोर आमची स्क्रीन होती. साहूजी शेजारी पुटपुटत होते. मी कधी देवाला हात न जोडणारा, पण मीही मनात काहीतरी म्हणत होतो. विमानाला उशीर झाला. उशीर का झाला, ते सांगणारं तिथं कोणी नव्हतं. साहूजींनी माझं मनगट धरलं होतं आणि ते मला सोडवावंसं वाटलं नाही.

मग ते ढगाखालून निघालं. उतरलं.

मॅडम शिडीवरून खाली आल्या. मी पुढं धावलो. रायपूरसारख्या गावातही काय काय बनू शकतं, यावर दोन वाक्यं पाठ करून आणली होती. कौतुक झालं की बोलायची.

"कैसा रहा मॅडम?"

"बादल बहुत थे. दो बार रास्ता बदलना पड़ा, इसलिए देर हुई."

"और स्क्रीन?"

त्यांनी क्षणभर आठवायचा प्रयत्न केला. "स्क्रीन? हाँ, दिख रही थी. पीने का पानी मिलेगा?"

साहूजी पाण्याला पळाले. माझी दोन वाक्यं घशातच राहिली. आधी खरंच राग आला. एवढं केलं, आणि हे? मग लक्षात आलं. वादळ कुठं आहे ते त्यांनी त्याच चित्रात पाहिलं, त्याच्या भरवशावर दोनदा वाट बदलली, आणि चित्र कसं होतं ते त्यांना आठवतही नाही. म्हणजे त्यांना एकदाही त्याची चिंता करावी लागली नाही. माझे डोळे भरून आले. या वयात, त्या भरल्या आभाळाखाली, सगळ्यांसमोर. मी चष्मा पुसायचं नाटक केलं.

लोक मला अजून विचारतात, बाजारातलं सामान लष्करी विमानात चालतं का. चालतं. फक्त ते जिथं बसवायचं, ती जागा आधी पाहून घ्यावी. ते विमान पुढं बरीच वर्षं उडालं. मॅडमचा मला कधी फोन आला नाही. आमच्या धंद्यात याहून चांगली बातमी नसते.