घरात कुणालाच घेता न येणारं नाव

मे महिन्यात धाकट्या भावाची मुलं मुंबईहून येतात आणि तेवढे दिवस माझ्या घराला घरपण येतं. मुलं रात्री जेवणं झाली की मला गोष्ट सांगायला बसवतात. मी आपल्याच घराण्यातल्या गेलेल्या माणसांच्या गोष्टी सांगतो, कारण ती माणसं तक्रार करायला येत नाहीत. गेल्या खेपेला मधल्या पुतणीनं विचारलं, "नाना, तुमचं खरं नाव काय हो?" मी तिला बापाला विचार म्हटलं. बाप म्हणाला, मोठ्या भावाचं नाव घेऊ नये. पोरगी हिरमुसली. तिच्यासाठी म्हणून हे लिहितो आहे, पण नाव मात्र इथेही लिहिणार नाही. आपलं नाव आपण घेतलं की आयुष्य कमी होतं म्हणतात. माझ्या आयुष्यात कमी करण्यासारखं फारसं उरलेलं नाही, तरी सवय जात नाही.

नाव आहे देवाचं, पण मोठ्या देवाचं नाही. वेळणेश्वराच्या अलीकडे खाडीच्या काठी एका सुरंगीच्या झाडाखाली शेंदूर लावलेला एक दगड आहे. आसपासच्या दोन-तीन वाड्यांपलीकडे त्याला कोणी ओळखत नाही. पणजीची मुलं जगत नव्हती. मोठ्या देवांना नवस बोलून झाले होते. शेवटी तिनं या दगडाला सांगितलं की मूल जगलं तर तुझंच नाव ठेवीन. आजोबा जगले, चांगले सत्तरीपर्यंत जगले. ते गेल्यावर वर्षाच्या आत मी जन्मलो, म्हणजे तेच परत आले, असं ठरवून सगळ्यांनी मोठ्या प्रेमानं मला त्यांचं नाव दिलं.

बारशाच्या दिवशी आत्यानं पाळण्यात वाकून माझ्या कानात कुर्र केलं आणि नाव सांगितलं. लाडू वाटून झाले, बायका घरोघर गेल्या, आणि संध्याकाळी मी रडायला लागलो तेव्हा घराच्या लक्षात आलं की या पोराला हाक मारायची पंचाईत आहे. आजीच्या नवऱ्याचं नाव ते, ती कशी घेणार? आईच्या सासऱ्यांचं. वडिलांच्या वडिलांचं, आणि त्यात मी थोरला मुलगा. थोरल्याचं नाव आईबापांनी घ्यायचं नसतं. आत्याला चाललं असतं, लेकीनं बापाचं नाव घेतलं तर कोणी काही म्हणत नाही. पण ती जयगडला दिलेली. तिसऱ्या दिवशी ती तरीतून खाडीपार गेली आणि मी कळता होण्याआधीच वारली. तेव्हा मी झालो बाळ. मिशा फुटल्यावर बाळ शोभेना म्हणून एकदम नाना झालो. मधलं काही नाहीच.

शाळेत मास्तर आडनावानं हजेरी घ्यायचे. माझं नाव मोठ्यानं उच्चारलं जायचं ते वर्षातून एकदा, आजोबांच्या श्राद्धाला. वडील गोत्र सांगून नाव घेत आणि पिंड ठेवीत. मी पाटापासून हातभर लांब उघडा बसलेला असे, आणि दर वर्षी दचके. मग सगळे मिळून कावळ्याची वाट बघायचे. वडील गेल्यापासून तो विधी माझ्याकडे आला. त्यामुळे आता वर्षातून एकदा मी स्वतःच्याच नावानं पिंड ठेवतो, आणि कावळा लवकर शिवला तर मला मनातून जरा वाईट वाटतं.

लग्न झालं तेव्हा एक आशा होती. उखाण्यात तरी नाव येतं की नाही? सूनमुख पाहून झाल्यावर बायकांनी हिला दारात अडवलं. ही तोंड उघडते न उघडते तोच आजी आतून म्हणाली, "अगो, ते तुझ्या आजेसासऱ्यांचं नाव. जपून हो." हिनं कसाबसा उखाणा पुरा केला आणि नावाच्या जागी 'घरधनी' घातलं. पुढे एकदा आगरात विहिरीवर आम्ही दोघंच होतो. मी म्हटलं, इथं पोफळींशिवाय कोणी नाही, एकदा म्हण बघू. ती इतकी हसली की हातातला दोर सुटला आणि कळशी विहिरीत गेली. गळ टाकून कळशी काढण्यात सकाळ गेली. विषय पुन्हा निघाला नाही. मग एका पावसाळ्यात तापाचं निमित्त होऊन ती गेली. भाऊ मुंबईला होताच. 'अहो' म्हणणारंही घरात कोणी राहिलं नाही.

त्या सुमाराला मला हे नाव लोकांत पसरवायचं वेड लागलं. ओळखीपाळखीत कुठे बारसं असलं की मी आडून आडून सुचवायचो. जुनं आहे, जागृत देवाचं आहे, शिवाय दुसऱ्या कोणाचं नाही. लोक मान डोलवायचे आणि पुण्यामुंबईच्या मासिकांत आलेलं एखादं तीन अक्षरी गोड नाव ठेवून मोकळे व्हायचे. एका बाईंनी तोंडावर सांगितलं, "नाना, हे नाव घेईस्तोवर पोर पडवीतनं पडेल." खरं सांगायचं तर मला नाव पसरवायचं नव्हतंच. कुठेतरी कोणीतरी ते नाव घेऊन हाक मारली असती, तर ती ऐकायची होती. माझ्यासाठी नसली तरी चाललं असतं.

मी इथल्या दिवाणी कोर्टात नकला करणारा कारकून. मुख्य दालनाच्या शेजारच्या खोलीत बसून दुसऱ्यांची भांडणं स्वच्छ अक्षरात उतरवायची. शिपाई व्हरांड्यात जाऊन साक्षीदारांचा तीनदा पुकारा करतो, तो माझ्या खिडकीवरून जातो; वर्षानुवर्षं ऐकून ते आवाज कानात शिरत नाहीत. एके दिवशी दुपारी मी मान खाली घालून लिहीत होतो आणि पुकारा झाला. माझ्या नावाचा.

काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. मी उठलो, "आलो" म्हणालो, आणि बोरू हातात तसाच धरून थेट दालनात जाऊन पिंजऱ्याशी उभा राहिलो. साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. एक वकील म्हणाले, नानांना वादीच्या बांधाबद्दल काय ठाऊक आहे ते विचारून तर घ्या. सगळं कोर्ट हसलं. बाहेर शिपाई दुसरा पुकारा करीत होता, मग तिसरा. ज्याला हाक होती तो मात्र येईना.

तो आवारातल्या चिंचेखाली बसून भाकरी खात होता. पक्षकारानं धावत जाऊन त्याला हलवला तेव्हा कुठे उठला. मंडणगडकडचा कुळवाडी, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा, कानात भिकबाळी. साहेबांनी विचारलं, पुकारा ऐकू आला नाही का? तो म्हणाला, ऐकला, पण तो आपल्याला आहे असं वाटलंच नाही.

साक्ष संपल्यावर मी त्याला व्हरांड्यात गाठलं. एरवी साक्षीदारांना मी सरळ अरेतुरे करतो. इथे जीभ अडली. स्वतःच्या नावाला अरे कसं म्हणायचं? "तुमचं हे नाव कसं पडलं?" मी विचारलं.

त्याच्या आईचं माहेर खाडीकाठचं. तिचीही मुलं जगत नव्हती. तोच दगड, तीच सुरंगी. मग हाक कोण कशी मारतं म्हणून विचारलं. लहानपणी दांडगा होता म्हणून रेडा म्हणायचे, मग मुंबईच्या गिरणीत गेला तिथे मंडणगडवाला झाला, आणि आता म्हातारा म्हणून बाबा. "आवशीनं देवाचं नाव ठेवलान आनि देवाचं नाव घेऊन पोराला शिव्या कशा द्यायच्या म्हनून तिनंच टाकलान," तो म्हणाला. "आज शिपायानं घेतलान तवा म्हटलं, कोन बरं ह्यो? ऐकल्यासारका वाटतो."

मी त्याला माझं नाव सांगितलं. म्हणजे तोंडानं नाही. त्याच्या छातीकडे बोट केलं आणि मग माझ्या. त्याला समजायला वेळ लागला. समजल्यावर तो पायरीवर बसला आणि मला हातानं शेजारी बसवलं. कोर्टाच्या पायरीवर मी त्याआधी कधी बसलो नव्हतो.

आगबोट संध्याकाळची होती. मी रजा टाकून त्याच्याबरोबर धक्क्यापर्यंत चालत गेलो. वाटेत त्यानं सांगितलं की सुनेला नुकताच मुलगा झालाय, बारसं व्हायचंय. मी लगेच पुढे झालो. ठेवा की आपलं नाव, म्हटलं. त्यानं गाठोडं या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. मग म्हणाला, "भाऊसाहेब, नको. पोराला कुनी हाक मारायला नको का?"

धक्का दिसायला लागल्यावर मी माझं मागणं मांडलं. आयुष्यात कोणापाशी एवढं लाजून काही मागितल्याचं मला आठवत नाही. म्हटलं, तुम्ही आगबोटीकडे नेणाऱ्या पडावात बसलात की तिथून मला एकदा नावानं हाक मारा. गर्दीत कोणाला कळणार नाही. त्यानं डोकं खाजवलं. "माजाच नाव ता. मीच मला हाक मारतंव असं नाय का व्हनार? बघतो," म्हणाला.

धक्क्यावर नेहमीचा गोंधळ होता. मुंबईला निघालेल्यांना पोचवायला आलेली माणसं पाण्याच्या काठाला उभी राहून नावं घेऊन ओरडत होती: पत्र टाक रे, पेटी सांभाळ, पोचल्यावर मामाकडे जा. प्रत्येक नावाला पडावातून कोणीतरी हात वर करीत होतं. माझा माणूस गाठोडं मांडीवर घेऊन कडेला बसला. पडाव हलला. तो वल्हवणाऱ्याच्या खांद्याला धरून उभा राहिला, माझ्याकडे तोंड करून. तोंड उघडलं. मिटलं. पडाव दोन हात आणखी लांब गेला. मला वाटलं, आता.

"ओ नावभाऊ!" तो ओरडला.

असा शब्द मी कधी ऐकला नव्हता; त्यानं तिथेच बनवला असणार. बाळ झालं, नाना झालं, त्यात आणखी एकाची भर. धक्क्यावर दुसऱ्या कोणी वळून पाहिलं नाही, म्हणजे हाक माझीच होती. मी दोन्ही हात वर करून ओ दिली, आणि पडाव आगबोटीला लागेपर्यंत देत राहिलो.