ड्रॅगनच्या राज्यातली गाडीवाट

आधी एक कबूल करा, मधेच हसायचं नाही. आणि हसलात तरी आमच्या लक्ष्मणकाकांसमोर हा विषय काढायचा नाही. कारण आता काय सांगू तुम्हाला, मी असा घोळ घालून ठेवलाय की गावात माझं नाव निघालं, की लोक आधी पायाखालचा रस्ता जागेवर आहे का ते बघतात!

मी नांदेडला राहतो. चित्रं काढायचा धंदा. कॉम्प्युटरवर. एवढं सांगितलं की नातेवाईक मान हलवतात आणि विचारतात, "बरं, मग नोकरीचं काय?" जाऊ द्या, तो वेगळाच ताप आहे.

तर पुण्याच्या एका मॅडमनी मुलांसाठी जाडजूड कादंबरी लिहिली होती. ड्रॅगन, राजवाडा, जादूचं तळं, सगळा बाजार होता तिच्यात. पहिल्याच पानावर त्या राज्याचा नकाशा हवा होता. काढायचा स्क्रीनवर, आणि दिसला पाहिजे कुण्या म्हाताऱ्या चित्रकारानं कुंचल्यानं रंगवल्यासारखा!

आता राज्य आणायचं कुठून? डोकं चालेना. शेवटी मी नायगावजवळच्या आमच्या गावाचा उपग्रहावरून घेतलेला फोटो उघडला आणि सरळ गिरवायला बसलो. पुण्यात कोण ओळखणार आहे? आमचा ओढा झाला महानदी. मुरमाड माळ झाला पर्वत. काकांच्या शेतातला आखाडा, म्हणजे पत्र्याची खोली आणि पुढं बांधलेले दोन बैल, तो झाला राजवाडा. शेजारच्या बसवंतआप्पांच्या विहिरीवर मी ड्रॅगन बसवला. आणि आप्पांच्या बांधाच्या कडेनं जी जुनी गाडीवाट होती, ती आठवणीनं काढली आणि तिचा झाला राजमार्ग.

ही गाडीवाट ध्यानात ठेवा, सगळं रामायण तिथंच आहे. ती वाट आप्पांनी नांगरून नांगरून आपल्या शेतात घेतली होती. काकांना शेतात बैलगाडी न्यायला रस्ताच उरला नव्हता, सोयाबीनची पोती डोक्यावर आणावी लागायची. कित्येक वर्षं दोन्ही घरांत रामराम बंद. पण यंदा आप्पा नरमले होते. "बसून मिटवू, देतो रस्ता," म्हणाले होते. रविवारी देवळात बैठक ठरली होती. म्हणजे माझ्यासारख्या दिवट्यानं नाक खुपसायच्या आधी सगळं सुरळीत चाललं होतं!

इकडं मॅडमचे मेसेज सुरू. "नकाशा छान आहे, पण रस्ता फार कडेला वाटतो. राजवाड्यासमोरून घेता येईल का?" घेतला. मला काय, रस्ता उचलायचा आणि ठेवायचा! "झाडं जरा हातानं काढल्यासारखी करा." केली. "सगळं ठीक आहे, पण जुना नाही हो वाटत!"

जुना वाटत नाही म्हणजे? मी कागदाचा पोत बदलला, रंग फिके केले, शाई फुटल्यासारखी केली, घड्या पाडल्या. बाईंचं एकच पालुपद, जुना वाटत नाही!

शेवटी चिडून मी नकाशा जाड कागदावर छापून आणला, कडा फाडल्या आणि पातेलंभर चहात बुडवला. म्हटलं, खऱ्या डागाचा फोटो काढून तोच वर चढवू. बायको बघतच राहिली.

"अहो, माणसं चहा पितात. तुम्ही कागदाला पाजून राहिलात!"

फोटो काढून झाला, कागद वाळला, पण आकसून वाकडातिकडा झाला. तो सपाट व्हावा म्हणून मी वडिलांच्या लोखंडी पलंगावरच्या गादीखाली घातला. वडील जाऊन आता बरीच वर्षं झाली, पण पलंग तसाच आहे. कोण झोपतंय तिथं?

काका झोपले! डोळे दाखवायला ते नांदेडला आले होते. डॉक्टरनं डोळ्यांत थेंब घातलेले, सगळं धुरकट दिसत होतं. दुसऱ्या दिवशी आम्ही नवराबायको मेहुणीच्या बाळाच्या बारशाला लातूरला गेलो. काका म्हणाले, "मी आराम करून दुपारच्या गाडीनं जातो, किल्ली शेजारी ठेवतो."

आणि आमच्याकडं महत्त्वाचा कागद कुठं ठेवतात, हे तुम्हाला वेगळं सांगायला पाहिजे का? गादीखाली! मराठवाड्यातला माणूस परक्या घरी झोपला, तरी सवयीनं गादीखाली हात घालून बघतो.

बारशाच्या जेवणात काकांचा फोन.

"सुन्या, घावलं रे!"

"काय घावलं?"

"फोनवर बोलायची गोष्ट न्हाई. इवढंच सांगतो, आता बसवंताच्या हातापाया पडायची गरज न्हाई. ऐतवारी गावाकडं ये. ताठ मानेनं ये!"

मला वाटलं, एखादा जुना सातबारा मिळाला असेल. पुरणपोळीच्या नादात मी पुढं विचारलंही नाही. माझ्या अकलेचं दिवाळं इथंच वाजलं!

रविवारी बायकोला माहेरी सोडून मी लातूरहून सरळ गाव गाठलं. महादेवाच्या देवळासमोर ही गर्दी! ओट्यावर लाल कापड अंथरलेलं, त्यावर नारळ, हळदकुंकू, आणि मधोमध माझा नकाशा.

मी गर्दीतून वाट काढत पुढं घुसलो.

"निजामाच्या टायमाचा हाय," एकजण म्हणाला.

"त्याच्या बी आधीचा. गढी दावलीय, बगा की."

"अन् हे जनावर कोणतं?" त्याचं बोट ड्रॅगनवर.

"घोरपड. त्या टायमाला लई मोठ्या असायच्या."

"पंख हाईत की वो तिला!"

"असतील. तवाचं खाणंपिणंच तसलं होतं."

मॅडमची राज्यातल्या जागांची नावं ठरत नव्हती, म्हणून नावांच्या जागी मी नुसत्याच वळणदार रेघोट्या मारून ठेवल्या होत्या. त्या वाचायला गावचे टेलर सलीमचाचा बोलावले होते, त्यांना उर्दू येते. चाचांनी चष्मा पुसला, नकाशा उलटा केला, सुलटा केला.

"उर्दू तो नहीं है," चाचा म्हणाले. "फारसी होगी."

फारसी कुणालाच येत नव्हती, त्यामुळं ते लगेच सगळ्यांना पटलं!

मी काकांना बाजूला ओढलं. "काका, अहो तो नकाशा माझा आहे!"

"तुझाच की लेका. आपल्या घराण्याचा हाय. पर दादानं मरंस्तोवर गादीखाली ठेवला अन् मला सांगितलं न्हाई, ह्याचं वाईट वाटतंय बघ."

आणि काकांचे डोळे भरून आले. आता मला सांगा, मरण पावलेल्या भावासाठी रडणाऱ्या माणसाला, तो चहात बुडवलेला कागद आहे, हे कोणत्या तोंडानं सांगायचं? मी शब्द जुळवत होतो, तेवढ्यात बसवंतआप्पा आले.

"शरणार्थी," असा लिंगायती नमस्कार करत आप्पांनी हात जोडले आणि ते शांतपणे बसले. "लक्ष्मणराव, मी रस्ता द्यायचा शब्द दिला होता. मंग हे कागद काढायचं कामून?"

"तुमी देणार कोण?" काका गरजले. "हक्काचा हाय आमच्या! बगा नकाशात!"

आप्पांनी नकाशा उचलला, डोळ्यांजवळ नेला, रस्त्यावरून बोट फिरवलं. आधी कपाळाला आठ्या पडल्या, मग मिशीत हसू आलं.

"रस्ता हाय की! मला मान्य हाय. हा ओढ्यापसून निघाला. हा माळाच्या कडंनं आला. ही तुमची गढी, म्हंजे आखाडा. रस्ता सरळ तुमच्या दारातून, बोअरच्या डोक्यावरून जातो, अन् पोचतो कुटं? माझ्या विहिरीवर! लक्ष्मणराव, उलट तुमीच मला रस्ता देणं लागता की वो!"

काकांचा चेहरा खर्रकन उतरला. "सुन्या, बघ रे तू. माझ्या डोळ्यांत त्या दिवशी थेंब होते, मंग कापडात बांधून ठेवला तो आजच सोडला."

मी काय बघू, डोंबल? रस्ता मीच तिथं आणून ठेवला होता, पुण्याच्या बाईला आवडावा म्हणून!

मग मात्र मी उभा राहिलो आणि ओरडलो, "हा नकाशा खोटा आहे! मी काढलाय, कॉम्प्युटरवर!"

कुणाचा विश्वास? छे! "काकाची बाजू पडली म्हणून बोलून राहिला," असं कुणीतरी म्हणालंसुद्धा. मॅडमच्या बदलांपायी लॅपटॉप पाठीवरच असायचा, तो उघडला. म्हटलं, आता पुरावाच दाखवतो. या चित्रात एकावर एक थर असतात, हवा तो थर झाकता येतो.

"हे बघा डाग. हे गेले. या घड्या. या गेल्या. हा ड्रॅगन. गेला."

"आप्पा, इहीर मोकळी झाली तुमची!"

"आता हा रस्ता बघा." मी रस्ता झाकला.

"आरं, रस्ता खाल्ला की ह्यानं!"

"पुरावा पुसून राहिलाय! धरा त्याला!"

घाबरून मी घाईघाईत पहिला रस्ता उघडा केला, तर तो टुणकन आप्पांच्या बांधावर! आप्पा ताडकन उठले. "आत्ता तिकडं होता, आता इकडं आला? मोजणीवाल्यांना जमलं न्हाई ते ह्यानं बसल्या जागी केलं!"

माझं डोकंच फिरलं. "अहो, राज्य नाही, गढी नाही, ही घोरपड नाही! तो डागसुद्धा चहाचा आहे, चहाचा! वास घ्या!"

सलीमचाचांनी कागद नाकाला लावला, डोळे मिटले.

"चाय है," ते म्हणाले. मग पुन्हा एकदा हुंगलं. "अद्रक भी है."

सगळं देऊळ हसलं! लोक एकमेकांच्या अंगावर पडून हसत होते. हसले नाहीत ते फक्त काका. ते खाली बसले आणि हळूच म्हणाले, "म्हंजे दादाचा न्हाई तर." आणि मग, "अन् रस्ता बी गेला."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी आप्पांच्या पायाशी गेलो. "आप्पा, चूक माझी आहे. काकांवर राग काढू नका, मला काय ती शिक्षा द्या."

आप्पांनी नकाशाची घडी केली आणि खिशात घातली. "शब्द दिला हाय, रस्ता देतो. माझ्या बांधाच्या कडंनं, पूर्वी होता तिथनंच. पर एक अट. ज्यानं कागदावर रस्ता सरकवला, त्यानंच खाली मुरूम टाकायचा!"

टाळ्या! सगळ्यात मोठ्यानं टाळ्या कुणी वाजवल्या असतील? आमच्या लक्ष्मणकाकांनी!

झालं. एका क्लिकनं राजमार्ग फिरवणारा मी भर उन्हात घमेली उचलून राहिलो होतो. हाताला फोड आले, कंबर धरली. काका बाभळीच्या सावलीत बसून सांगत होते, "जरा उजवीकडं टाक. आता पसरव." मॅडमसुद्धा बऱ्या होत्या म्हणायची वेळ आली!

तेवढ्यात फोन वाजला. त्यांचाच मेसेज. वाचला आणि मी घमेलं तिथंच टाकून मातीत बसलो.

"काय म्हनती तुझी पुण्याची बाई?" काकांनी विचारलं.

"म्हणते, पहिलाच रस्ता बरा होता. बांधाच्या कडेनं जाणारा. परत तिथंच घ्या."

काकांनी माझ्याकडं बघितलं, रस्त्याकडं बघितलं आणि तंबाखू थुंकली.

"बाई शहाणी हाय," ते म्हणाले. "तिला पुण्यात बसून समजलं. तुला मुरूम टाकूस्तोवर समजलं न्हाई. उचल घमेलं!"