कोनाची रूम?

"आधी हात लावा, मग लिवा," म्हणत मामा प्रत्येक बाटलीला बोटांची पाठ टेकवून बघायचे. नांदेडच्या आमच्या पॉलिमर लॅबचे ते अटेंडंट, रोज मुदखेडहून रेल्वेने यायचे. असा माणूस तुमच्याही ऑफिसात असेल. आपण त्याला सोडून साऱ्या जगाला विचारत फिरतो.

मी हायड्रोजेलच्या पातळ फिल्म बनवत होते. काचेवर चिकटलेली ही फिल्म थंड पाण्यात पाणी पिऊन फुगते, नितळ दिसते. पाणी बत्तीस अंशांच्या वर गेलं की प्यालेलं सगळं टाकते, आक्रसते आणि पांढरी पडते. माझ्या सहाही फिल्म पांढऱ्याफटक राहिल्या. आठवड्याभराने समितीपुढे काम दाखवायचं होतं, आणि या वेळी जमलं नाही तर पीएचडीची नोंदणी रद्द होणार होती. रसायनातच खोट आहे असं ठरवून मी डोळे पुसत बसले होते.

"पानी कितीवर हाय, ताई?"

"रूम टेम्परेचर, मामा. पंचवीस."

"कोनाची रूम?"

मी वहीकडे पाहिलं. पंचवीस हा आकडा मी परदेशातल्या एका शोधनिबंधातून जसाच्या तसा उचलला होता. आमच्याकडे मे महिना, वर पत्रे आणि बंद पडलेला एसी. पाण्यात थर्मामीटर बुडवला, तर एक्केचाळीस! मला इतकी लाज वाटली की हसूच आलं.

"फिल्म बिचारी खरं सांगून राहिली," मामा म्हणाले, "तिला कशाला बोल लावता?"

समितीच्या दिवशी नेमकी सकाळपासून लाईट गेली, फ्रीजही बंद. मामांनी पाण्याच्या बाटल्यांना ओलं गोणपाट गुंडाळून त्या वाऱ्याच्या खिडकीत ठेवल्या. दर अर्ध्या तासाला ते गोणपाट भिजवत होते, जेवणाचा डबासुद्धा उघडला नाही. दुपारी सगळ्यांसमोर त्या गार पाण्यात ती पांढरी फिल्म हळूहळू नितळ झाली.

"तापमान कसं राखलंत?" एका सरांनी विचारलं. मी वळून दाराकडे पाहिलं, पण मामा गाडी गाठायला निघून गेले होते.

प्रबंध छापून आला तोवर ते निवृत्त झाले होते. आता मी लातूरला शिकवते. एका रविवारी प्रबंध घेऊन मुदखेडला गेले आणि आभाराच्या पानावरचं त्यांचं नाव दाखवलं. मामांनी ते दोनदा वाचलं. मामी चहा घेऊन आल्या, पानात डोकावल्या.

"एवढ्या मोठ्या पुस्तकात नाव! काय केलंव तुम्ही?"

"काय न्हाई," मामा म्हणाले, "पानी थंड केलं."