भिंतीपलीकडचा बास

घरात धाकटा म्हणून त्याला छोट्या म्हणायला लागले. पुढे तो सहा फूट वाढला, नाव काही वाढलं नाही. बावन्नाव्या वर्षीही तो छोट्याच होता, घरी आणि कामावरही.

काम होतं कवळ्या बनवण्याचं. दातांच्या लॅबमध्ये खिडकीजवळच्या टेबलावर बसून तो गुलाबी मेणाच्या हिरडीत एकेक दात रोवायचा आणि तापलेल्या सुरीने मेण गुळगुळीत करायचा. एखाद्याचा सुळा मुळात जरासा तिरका असेल, तर जुना फोटो मागवून कवळीतही तो तसाच तिरका बसवायचा. "माणूस हसला की घरच्यांना ओळखू आला पाहिजे," असं त्याचं म्हणणं.

रविवारी सकाळी मात्र तो घरातल्या एका खोलीचं दार लावून घ्यायचा. आवाज घुमू नये म्हणून कपाटाची दोन्ही दारं उघडून त्यांवर रजया टाकायचा, मधे स्टूल मांडायचा आणि श्वासाची फुंकर अडावी म्हणून माइकवर बायकोचा जुना पायमोजा ताणून बसवायचा. मग साध्या लाकडी गिटारवर कॉलेजच्या दिवसांतली आल्टरनेटिव्ह रॉकची गाणी रेकॉर्ड करायचा. ती मूळची भांडकुदळ गाणी. दोन ओळी तोंडातल्या तोंडात पुटपुटायच्या आणि तिसरीला घर डोक्यावर घ्यायचं, अशी त्यांची रीत. छोट्या तीच गाणी हळू आवाजात, जवळ बसून समजूत काढावी तशी म्हणायचा आणि इंटरनेटवर टाकायचा. ऐकणारे साठ-पासष्ट जण. "त्यातले निम्मे टकले असतील," बायको म्हणायची. "आणि उरलेले त्या वाटेवर," छोट्या म्हणायचा.

एक गाणं मात्र चार महिने त्याला दाद देत नव्हतं. सूर बरोबर, शब्द तोंडपाठ, पण ऐकताना काहीतरी पोकळ वाटायचं. सगळे दात जागेवर आणि तरी चेहरा बसका, अशी एखादी कवळी निघते, तसं.

अशात ताई राहायला आली. ताई त्याच्याहून एका वर्षाने मोठी, शाळेत गणित शिकवून स्वेच्छेने लवकर निवृत्त झालेली. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि तिचं घर तिसऱ्या मजल्यावर, बिनलिफ्टचं. म्हणून सहा आठवडे भावाकडे. तिला अर्थातच रेकॉर्डिंगची खोली दिली. रजया पलंगावर गेल्या आणि छोट्या आपला संसार घेऊन शेजारच्या अडगळीच्या खोलीत, सुटकेसच्या ढिगाऱ्यात, गेला. दोन्ही खोल्यांत एकच भिंत.

पहिल्याच रविवारी त्याने ते हट्टी गाणं धरलं. अर्ध्यावर आला असेल-नसेल, तोच भिंतीवर ताईच्या वॉकरचा ठोका पडला.

"छोट्या, चुकलास!"

तो गिटारसकट पलीकडे धावला. "त्रास होतोय का गं? बंद करतो."

"बंद कर कुठे म्हटलं? चुकलास म्हटलं. तिसऱ्या फेरीनंतर दोनदा थांबायचं असतं. तू एकदाच थांबलास."

छोट्या बघतच राहिला. "तुला हे गाणं येतं?"

"गाण्यातलं अक्षर मला कळलेलं नाही आजपर्यंत. भिंतीतून यायचं तेवढं येतं."

आणि ताईने डोळे मिटले, उशीवर बोटं आपटत खालच्या आवाजात सुरू केलं. दूम्, दूम्, दुदू, दूम्. कुठे अडखळणं नाही, कुठे शोधणं नाही. शेवटपर्यंत.

छोट्या पलंगाच्या कडेला बसला. त्याला सगळं चित्र समोर दिसलं. कॉलेजात असताना तो आणि त्याचे तीन मित्र त्याच्या खोलीत धिंगाणा घालायचे आणि पलीकडे ताई मेडिकलच्या परीक्षेचा अभ्यास करत बसलेली. भिंतीने गाणं अडवलं होतं, गिटार अडवली होती, तिच्यापर्यंत पोचला होता तो फक्त बास, जाड तारांच्या गिटारचा खर्जातला ठेका.

"अभ्यास होईना, मग मी ते मोजत बसायची," ताई म्हणाली. "आठ, आठ, आठ आणि मग एकदम सहा. ते सहा आले की मला फार बरं वाटायचं."

ताईचं मेडिकल थोड्या गुणांनी हुकलं होतं. बाबांनी त्याच संध्याकाळी त्याची इलेक्ट्रिक गिटार माळ्यावर टाकली होती, आणि तोही चकार शब्द बोलला नव्हता.

"ताई, एक बोलू? तुझं मेडिकल आमच्यामुळे गेलं. पस्तीस वर्षं हे माझ्या मनात आहे."

ताईने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "अरे, कसलं तुमच्यामुळे! मला बेडूक कापवत नव्हता. नुसता बघितला तरी घेरी यायची. बाबांना सांगायची हिंमत नव्हती, म्हणून शेवटचे दोन प्रश्न मी कोरेच सोडले. बाबांनी गोंगाटाला नावं ठेवली, मी गप्प बसले."

"म्हणजे माझी गिटार माळ्यावर गेली ती…"

"बेडकामुळे."

"आणि हे तू मला आज सांगतेस?"

"विषयच निघाला नाही रे मधे!"

छोट्याला रागवायचं होतं. त्याने तोंड उघडलंही, पण बाहेर पडलं हसू. ते आवरेना. ताईही गुडघा धरून हसायला लागली, "टाके दुखतात रे, नको," म्हणत आणखी हसायला लागली. काय झालं म्हणून बायको धावत आली. तिला कारण सांगताना दोघांची पुन्हा तीच गत.

त्या दुपारी माइक ताईच्या पलंगाशी गेला. आधी ती नाहीच म्हणाली. मग केस विंचरून बसली. पहिल्या खेपेला तिने वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असा आवाज लावला. दुसऱ्या खेपेला तिच्या गुडघ्याचा व्यायाम घेणाऱ्या बाई आल्या आणि त्यांनी बेल वाजवली. तिसरी खेप मात्र जमून आली. ताईचा घोगरा, जमिनीलगतचा आवाज गिटारखाली जाऊन बसला, आणि चार महिने हटून बसलेलं गाणं निमूट उभं राहिलं. शेवटचा सूर संपल्यावर ताई म्हणाली, "हं, पुढचं घ्या." तेही रेकॉर्ड झालं. छोट्याने ते कापलं नाही.

संध्याकाळी सहज म्हणून त्याने मूळ बँडची रेकॉर्ड लावून पाहिली. ताईचा बास त्या बासशी जुळेना. मुळात सगळीकडे आठच होते. सहा कुठेच नव्हते. "आठवणीत घोटाळा झाला असेल," ताई खट्टू होऊन म्हणाली. पण छोट्याला तिचंच आवडलं होतं. त्याने गाणं तसंच इंटरनेटवर टाकलं.

चौथ्या दिवशी कामावर फोन आला. पलीकडे खर्जू. चौघांतला बास वाजवणारा, आता दुसऱ्या गावात टायरचं दुकान चालवणारा. सात-आठ वर्षांत बोलणं नव्हतं.

"तुझ्या नव्या गाण्यात कोण गातंय रे ते खालून?" त्याने नमस्कार-चमत्कार न करताच विचारलं.

"ताई."

पलीकडे दुकानाचं शटर ओढल्याचा आवाज आला. मग खर्जू म्हणाला, "ते सहा माझे आहेत. मला मूळचं जमायचं नाही, बोटं पुरायची नाहीत. मग मी दोन सूर खाऊन टाकायचो. तुम्हा तिघांच्या आरडाओरड्यात कुणाला पत्ताच लागला नाही. मला वाटायचं, मी वाजवलं काय आणि नाही वाजवलं काय." त्याचा आवाज ओला झाला. "छोट्या, मला ऐकणारं कुणीतरी होतं रे."

छोट्याच्या हातात कुणाची तरी वरची कवळी तशीच राहिली. टेबलावरचं मेण केव्हाच गार झालं होतं.

पुढच्या रविवारी खर्जू आपला जुना बास घेऊन हजर झाला. पोट सुटलेलं, दाढी पांढरी. ताईसमोर तो परीक्षेला आल्यासारखा अवघडून बसला. ताईने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "छान. पण दुसऱ्या गाण्यात तुम्ही नेहमी घाई करायचात. अजूनही करता."

"हो ताई," खर्जू खाली मान घालून म्हणाला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

सहा आठवड्यांचे आठ झाले. ताई घरी गेली तेव्हा सात गाणी तयार होती, तीन मजले ती स्वतःच्या पायांनी चढली आणि प्रत्येक पायरी मोजत चढली. आता खर्जू महिन्यातून एकदा येतो. ऐकणाऱ्यांची संख्या दोनशेवर गेली आहे. त्यातल्या कितीजणांना केस आहेत, याची चौकशी अजून चालू आहे.