जरा कळ काढ

मला स्वस्थ बसता येत नाही. शाळेतही मला खुर्चीवर बसून शिकवताना कुणी पाहिलेलं नाही. त्यामुळे उजव्या खांद्यापासून अंगठ्यापर्यंत हात ठणकायला लागला, तेव्हा आठ महिने मी त्याच्यावर नुसती चिडत होते. बाम झाले, शेक झाले, गोळ्या झाल्या.

खरी भीती वेगळीच होती. गेल्या वर्षी आईच्या खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून रोज सकाळी तिला पलंगावरून मीच उठवायची. माझा हात कामातून गेला, तर दादा तिला इंदूरला घेऊन जाणार होता. आईचं इथे नीट निभतंय का, हेच पाहायला रविवारी तो येणार होता. आईला लष्कर भागातलं आमचं घर सोडायचं नव्हतं आणि मलाही ती जायला नको होती. म्हणून हाताचं दुखणं मी दोघांनाही कळू दिलं नाही.

शेवटी गुरुवारी शेअरच्या टेम्पोत बसले आणि गावातल्याच हरिशंकरपुरम वस्तीत एका फिजिओथेरपिस्ट मुलीकडे गेले. माझा खांदा दुखत होता पुढून, आणि ही बोटं फिरवत होती मागे, फऱ्याच्या हाडावर. "तिथे नाही हो," म्हणणार, तेवढ्यात तिने एका जागी दाबलं आणि पार अंगठ्यापर्यंत सणक गेली.

"आई गं! कळ! कळ!" मी ओरडले.

"कल नहीं मैडम, आज ही," ती म्हणाली. तिला वाटलं, मी उद्यावर ढकलते आहे.

तशातही मला हसू आलं. मराठीत कळ म्हणजे वेदना आणि यंत्राचं बटणही, असं मी तिला समजावलं.

"फिर तो सही है। गाँठ यहाँ है, दबाओ तो दर्द वहाँ बजता है।"

ती दाबून धरेल तोवर मी अंग सैल सोडायचं होतं. तिने माझा हात वर उचलला आणि हळूच आपला काढून घेतला. माझा हात तसाच हवेत.

"मैंने तो छोड़ दिया। आप ही पकड़े हुए हैं।"

मला फार ओशाळल्यासारखं झालं. मग तिने विचारलं, आईला कसं उठवता? मी उशी उचलून दाखवलं.

"माताजी खुद कितना उठती हैं?"

थांबून मी कधी पाहिलंच नव्हतं.

"कल सुबह बस पास में खड़ी रहिए। ज़रूरत पड़े तभी पकड़िए।"

शुक्रवारी सकाळी मी पलंगाला खेटून उभी राहिले, हात मागे बांधून. आई कुशीवर वळली, थांबली. कोपरावर आली, पुन्हा थांबली. माझं लक्ष घड्याळाकडे, शाळेला उशीर होत होता. शेवटी माझा हात पुढे गेलाच.

"जरा कळ काढ ना," आई म्हणाली. "इतकी जल्दी कसली?"

तिने पाय खाली सोडले, पलंगाची कड धरली आणि उभी राहिली. एकटी.

"हे कधीपासून जमतंय तुला?"

"दिवाळीपासून. पण तू इतक्या तावातावाने यायचीस! म्हटलं, उचलू दे. नाहीतर हिला वाटायचं, आईला आता माझी गरज नाही."

मला भयंकर राग आला आणि रडूही आलं.

"रविवारी दादासमोर अशीच उठशील?" मी विचारलं.

"उठेन की. तू तेवढा मध्ये हात घालू नकोस."