जावयाने सरकवलेला आंबा

मी बावीस वर्षं निसर्गचित्रं काढतो आहे. यात निसर्गाचा काही दोष नाही.

रविवार आला की खालापूरहून स्कूटर काढायची, लोधिवलीजवळच्या सासुरवाडीला जायचं आणि शेताच्या कडेला स्टूल टाकून माणिकगडाला छळायचं, हा माझा नेम. झालेली चित्रं लग्नात, वास्तुशांतीत भेट म्हणून खपवायची. (पाकीट वाचतं. शिवाय गावच्या जावयाचं चित्र नको म्हणायची छाती कुणाची?)

असंच एक चित्र मी काशिनाथच्या गळ्यात मारलं होतं. काशिनाथचं शेत माझ्या सासरच्या शेताला लागून आहे. चित्रात डोंगर, भाताची खाचरं, दोन शेतांमधला बांध आणि सासूबाईंनी लावलेला आंबा. "हा आंबा आहे की फ्लॉवर?" बायकोने तेव्हाच विचारलं होतं. तिला कलेतलं काही कळत नाही, असं मी ठरवून टाकलं.

यंदा काशिनाथने मुंबईच्या पाहुण्यांना भाड्याने द्यायला शेतात बंगला बांधायला घेतला. गाडीच्या वाटेत आंबा येत होता. "झाड माज्या हद्दीत हाय, तोडनार," तो म्हणाला. सासूबाई झाडाखाली खाट टाकून बसल्या आणि उठेचनात. सरकारी मोजणीला अवकाश होता, म्हणून माझा मेहुणा बबन गावातल्या जाणत्यांकडे गेला. देवळाच्या ओट्यावर बैठक बसली. काशिनाथ आला तो माझं चित्र काखेत मारून, फ्रेमसकट!

"हा बांध, हा आंबा. माज्या बाजूला हाय का नाय? जावयानी सोता बसून काढलंय. गावचा जावई खोटं काढंल का?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. झाड खरं तर आमच्याच बाजूला आहे. पण चित्राचा तो कोपरा फार ओका दिसत होता, म्हणून मी उचलून तिकडे ठेवलं. (कलावंताला एवढी मोकळीक असते, अशी माझी समजूत.)

"भावजी, बोला की," बबन म्हणाला.

"मी... जरा सरकवलं ते."

"आंबा सरकवला?" पाटीलबाबांनी विचारलं. बैठकीत तेच वडीलधारे.

"चित्रात."

"आता मेवन्यासाठी पलटी मारतायत," काशिनाथ म्हणाला.

माझ्या एका फ्लॉवरपायी म्हातारीचं झाड जाणार होतं. तेवढ्यात बायको उठली, बबनचा टेंपो घेऊन खालापूरला गेली आणि घरातली माझी सगळी चित्रं भरून आणली. (एरवी ती त्यांना फडकंसुद्धा लावत नाही.) सगळी त्याच शेताची. तिने ती ओट्यावर ओळीने मांडली. एकात आंबा बांधावर, एकात डोंगरावर. एकात आंबे दोन. एकात आंबाच नाही, त्या जागी हंडा घेतलेली बाई. आणि एकात शेतामागे समुद्र, त्यात दोन होड्या.

"समिंदर?" पाटीलबाबा वाकून बघायला लागले. "आपल्याकडं?"

"निळा रंग उरला होता," मी म्हणालो.

काशिनाथने स्वतःचं चित्र डोळ्यांजवळ धरलं. "मंग ही म्हस कोनाची?"

"ते तुमचं घर आहे."

काशिनाथने चित्र हळूच उपडं ठेवलं. "ऱ्हाऊ दे आंबा. वाट पलीकडनं काढतो," तो म्हणाला.

"आंबा बबनचा हाय ते आमाला म्हाईत हाय रं," पाटीलबाबा म्हणाले. "पन जावयाला खोटं कसं म्हनायचं? आता त्यांच्याच बायकोनी म्हटलं, बरं झालं."

पुन्हा भांडण नको म्हणून तिथेच कागद केला. आंबा बबनचा. जावयांची चित्रे यापुढे कोणी खरी धरू नयेत, कारण त्यांना चित्र काढता येत नाही. माझ्या कलेबद्दल आजवर कुणी एक ओळ लिहिली नव्हती. पहिल्यांदाच लिहिली, आणि खाली 'वाचून मान्य' म्हणून सही करायला मलाच लावली.